चार अक्षरांची गाडी

अमेरिकेत भाड्याने गाडी घ्यायची म्हणून आपण घरबसल्या बुकिंग करतो, तेव्हा पडद्यावर टोयोटा कोरोलाचा झकास फोटो असतो आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘किंवा तत्सम’. आपल्या डोक्यात बसते ती कोरोला. कंपनीने मात्र कोरोला द्यायचं कधी कबूलच केलेलं नसतं. तिने कबूल केलेला असतो एक वर्ग, म्हणजे इंटरमीडिएट. काउंटरवर कोरोलाऐवजी ह्युंदाई एलांट्रा किंवा निसान सेन्ट्रा हाती आली, तर ना आपलं नशीब फळफळलं ना कोणी आपल्याला फसवलं. करार पाळला गेला, एवढंच. पुण्याहून मुंबईला जायला टॅक्सी सांगतानाही ‘डिझायर किंवा तत्सम’ असंच लिहिलेलं असतं. पण तिथे गाडी चालवणारा दुसरा असतो, आणि आपलं काम चार-पाच तासांचं. परदेशात आठ-पंधरा दिवस तीच गाडी आपल्या गळ्यात असते. त्यामुळे हा वर्ग ठरतो कसा आणि ‘अपग्रेड’ नेमकं कशाला म्हणायचं, हे जाण्यापूर्वीच समजून घेतलेलं बरं.

कंपनीच्या संगणकात आपलं बुकिंग चार अक्षरांत नोंदवलेलं असतं. भाड्याच्या गाड्यांच्या मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन अॅक्रिस नावाची संघटना काढली, तिची ही पद्धत. विमानाचं तिकीट काढणारा एजंट असो, हॉटेल-गाडी एकत्र विकणारं संकेतस्थळ असो, सगळे हीच चार अक्षरं वापरतात, म्हणून नागपुरात बसून केलेलं बुकिंग शिकागोच्या काउंटरवर जसंच्या तसं वाचता येतं.

पहिलं अक्षर दर्जाचं. ‘एम’ म्हणजे मिनी, ‘ई’ इकॉनॉमी, ‘सी’ कॉम्पॅक्ट, ‘आय’ इंटरमीडिएट, ‘एस’ स्टँडर्ड, ‘एफ’ फुलसाइज, ‘पी’ प्रीमियम, ‘एल’ लक्झरी. दुसरं अक्षर गाडीच्या घडणीचं. ‘सी’ म्हणजे दोन किंवा चार दारांची साधी कार, ‘डी’ म्हणजे चार-पाच दारांची, ‘डब्ल्यू’ स्टेशन वॅगन, ‘व्ही’ प्रवासी व्हॅन, ‘एफ’ एसयूव्ही, ‘टी’ छप्पर उघडणारी. तिसरं अक्षर गिअरचं: ‘एम’ असेल तर गिअर हाताने टाकायचे, ‘ए’ असेल तर ऑटोमॅटिक. चारही चाकांना ताकद मिळणार असेल तर तेही याच जागी वेगळ्या अक्षराने सांगतात. चौथं अक्षर इंधन आणि एसीचं. ‘आर’ म्हणजे एसी नक्की, इंधन कुठलंही. ‘एन’ म्हणजे एसी नाही. ‘डी’ डिझेल, ‘एच’ हायब्रिड, ‘ई’ विजेवरची, या तिन्हींत एसी धरलेला.

आता ‘आय-सी-ए-आर’ वाचून पाहा: इंटरमीडिएट, साधी कार, ऑटोमॅटिक, एसी. ही झाली आपली ‘कोरोला किंवा तत्सम’. ‘एफ-सी-ए-आर’ म्हणजे फुलसाइज कार, टोयोटा कॅमरी किंवा निसान अल्टिमाच्या जातीची. ‘आय-एफ-ए-आर’ म्हणजे इंटरमीडिएट एसयूव्ही, टोयोटा राव-फोर किंवा निसान रोगसारखी. आणि सगळ्यांची फसगत होते ती ‘एम-व्ही-ए-आर’पाशी. पहिलं अक्षर ‘एम’, म्हणजे मिनी, सगळ्यात खालची पायरी. प्रत्यक्षात ही असते क्रायस्लर पॅसिफिका किंवा टोयोटा सिएनासारखी सात-आठ माणसांची ऐसपैस मिनीव्हॅन. व्हॅनच्या जातीत ती लहान, म्हणून ‘एम’. बारा माणसांची व्हॅन त्याच जातीत वरच्या अक्षरावर असते.

थोडक्यात, पहिल्या अक्षराची शिडी एकच नाही. कारची शिडी वेगळी, एसयूव्हीची वेगळी, व्हॅनची वेगळी. एकाच शिडीवर चढलात तर अपग्रेड झालं हे निर्विवाद. आय-सी-ए-आरचं बुकिंग होतं आणि त्याच भाड्यात एफ-सी-ए-आर मिळाली, तर मधली स्टँडर्डची पायरी ओलांडून तुम्ही दोन पायऱ्या वर गेलात. पण फुलसाइज कार सांगितली आणि इंटरमीडिएट एसयूव्ही दिली, तर? काउंटरवरचा माणूस हसऱ्या चेहऱ्याने ‘तुम्हाला एसयूव्हीत अपग्रेड केलंय’ म्हणेल. त्याच्या दरपत्रकात त्या दिवशी एसयूव्हीचं भाडं जास्त असेल तर त्याच्या परीने तो खरंच बोलतोय. तुमच्या दृष्टीने मात्र ही नुसती शिडी बदलली. उंच बसायला आवडत असेल तर फायदा. तासन् तास महामार्ग कापायचा असेल तर कॅमरीच अधिक आरामशीर असं माझं मत. याला अपग्रेड म्हणण्यापेक्षा अदलाबदल म्हणावं.

वर्गांची नावंही थोडी फुगवलेली आहेत. अमेरिकेची पर्यावरण संस्था, ईपीए, कारचे वर्ग ठरवते ते आतल्या मोकळ्या जागेवरून. माणसांची जागा आणि डिकी मिळून १०० ते ११० घनफूट असेल तर कॉम्पॅक्ट, ११० ते १२० असेल तर मिडसाइज, १२०च्या वर मोठी. या मोजमापात कोरोला सेडान येते कॉम्पॅक्टमध्ये आणि कॅमरी मिडसाइजमध्ये. भाड्याच्या काउंटरवर मात्र कोरोला इंटरमीडिएट, म्हणजेच मिडसाइज, आणि कॅमरी फुलसाइज. दोघींनाही एकेक पायरी बढती! त्यामुळे शोरूममध्ये ऐकलेली नावं इथे जुळवायला जाऊ नये. कंपनीचं नाव, कंपनीची शिडी.

मग फुकट अपग्रेड मिळतं कसं? त्यात काउंटरवरच्या माणसाची मेहेरबानी फार थोडी असते. बरीचशी बुकिंगं आगाऊ पैसे न भरता होतात आणि न आल्यास दंडही नसतो, त्यामुळे ठरावीक लोक येतच नाहीत. हे धरून कंपनी आहेत त्यापेक्षा जास्त गाड्या बुक करते. स्वस्त वर्गांवर उड्या जास्त पडतात आणि ताफ्यात त्या गाड्या असतात कमी, कारण वर्षभर वापरून विकताना मधल्या वर्गाच्या गाड्यांना बरी किंमत येते. मग एखाद्या दिवशी अपेक्षेपेक्षा जास्त लोक खरंच हजर झाले की इकॉनॉमीच्या गाड्या संपतात आणि तिथल्या लोकांना वर सरकवावं लागतं. आपल्या रेल्वेत स्लीपरचं पक्कं तिकीट असलेल्याला वरच्या वर्गाचा रिकामा बर्थ देतात आणि त्याच्या जागी वेटिंगवाल्याला बसवतात, तोच प्रकार. वर जाणाऱ्याला वाटतं आपलं नशीब. रेल्वेला खालच्या वर्गातला बर्थ मोकळा हवा असतो.

हा हिशेब एकदा लक्षात आला की कधी अपग्रेडची आशा धरावी तेही कळतं. आठवड्याच्या मधल्या दिवसांत कामानिमित्त फिरणारे लोक मधल्या आणि मोठ्या सेडान घेऊन जातात. शनिवार-रविवारी सहकुटुंब फिरणारे एसयूव्ही आणि व्हॅन उचलतात. सोमवारी सकाळी परत आलेल्या एसयूव्ही आवारात उभ्या असतात आणि सेडानची मागणी चढलेली असते, तेव्हा सेडानवाल्याच्या पदरी एसयूव्ही पडू शकते. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आसपास मात्र कसलं अपग्रेड, गाडी मिळाली तरी पावलं. २०२०च्या साथीत प्रवास थांबला, हर्ट्झ या कंपनीने त्या वर्षी मे महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि कंपन्यांनी हजारोंनी गाड्या विकून टाकल्या. २०२१ मध्ये प्रवासी परतले, पण चिपच्या तुटवड्यामुळे नव्या गाड्या मिळेनात. हवाईमध्ये तर पर्यटक सामान हलवायचे ट्रक भाड्याने घेऊन फिरत होते. त्या दिवसांत चार अक्षरांपैकी कुठलंच अक्षर कोणाला वर नेऊ शकत नव्हतं.

अपग्रेडचा दुसरा रस्ता सभासदत्वाचा. बहुतेक मोठ्या कंपन्यांची सभासद योजना फुकट असते आणि तिचा खरा फायदा काउंटरची रांग टळणं हा. नॅशनल या कंपनीची पद्धत या बाबतीत सगळ्यांत सरळ वाटते. सभासदाने मिडसाइजचं बुकिंग करायचं, आवारात ठरवून दिलेल्या रांगेत जायचं आणि तिथे उभी असलेली कुठलीही गाडी घेऊन निघायचं, भाडं मिडसाइजचंच. त्या रांगेत काय उभं असेल ते तुमच्या वेळेवर आणि दैवावर. पण निवड तुमची, अपग्रेड म्हणजे काय ते ठरवणारेही तुम्हीच. कोणी जीप उचलतो, कोणी कॅमरी.

तिसरा रस्ता पैशांचा, आणि खटके उडतात ते इथेच. लांबच्या विमानप्रवासाने डोळे चुरचुरत असतात, मुलं पेंगुळलेली असतात, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, ‘दिवसाला फक्त १५ डॉलर जास्त, मोठी एसयूव्ही देतो.’ अनेक ठिकाणी त्याचं कमिशन या विक्रीवर असतं, हे ध्यानात ठेवून ऐकायचं. सात दिवसांचे होतात १०५ डॉलर. पण आकडा तिथे थांबत नाही. अमेरिकेतल्या पुष्कळ विमानतळांवर कंपनीला आपल्या उत्पन्नाचे १० टक्के विमानतळाला द्यावे लागतात आणि ते ती ग्राहकाकडून वसूल करते. वसूल केलेली ही रक्कमही उत्पन्नातच धरली जाते, म्हणून ९० डॉलरचे १०० करावे लागतात. बिलावर हा आकडा ११.११ टक्के असा विचित्र दिसतो तो त्यामुळे. १०५ चे झाले जवळपास ११७. त्यावर राज्याचा आणि शहराचा कर. शिवाय मोठी एसयूव्ही पेट्रोल जास्त पिणार. दर दिवशी ठरावीक रकमेचा जो विमानतळ-सुविधेचा आकार असतो तो तेवढा वर्ग बदलला तरी वाढत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतोय का, हे मोबाइलवर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच तारखांना मोठ्या गाडीचं भाडं बघून मिनिटभरात कळतं. कधीकधी ते तुमच्या मूळ भाड्यापेक्षाही कमी निघतं! वर्गांची शिडी कायम असते, भाड्याची नसते. इकॉनॉमी संपत आली की तिचं भाडं इंटरमीडिएटच्या वर चढतं.

एक डाव मात्र ओळखून ठेवावा. तुमच्या वर्गाची गाडी आवारात नाही, म्हणून वरची गाडी देतात आणि फरकाचे पैसे मागतात. हे चालत नाही. बुकिंग पक्कं असताना तुमच्या वर्गाची गाडी संपली, तर वरची गाडी त्याच भाड्यात देणं ही रूढ पद्धत आहे. म्हणून पैसे वाढवायला ‘हो’ म्हणण्याआधी शांतपणे एकच विचारायचं: ‘मी बुक केलेल्या वर्गाची गाडी आत्ता उपलब्ध आहे का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर पुढची बोलणी आपोआप बदलतात.

हे झालं कंपनीच्या बाजूने. आपल्या बाजूने पाहिलं तर बऱ्याचदा घोडं अडतं ते डिकीपाशी. मुंबईहून आई-बाबा मुलाकडे न्यू जर्सीला निघालेत असं धरा. माणशी २३ किलोच्या दोन बॅगा, म्हणजे चार मोठ्या बॅगा, प्रत्येकीची लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटिमीटरपर्यंत. त्यात भाजणी, मेतकूट, लोणच्याच्या बरण्या, नातवंडांचे कपडे. केबिन बॅगा वेगळ्या. त्यांना आणायला जाणारे मुलगा-सून आणि एक नातवंड धरलं तर माणसं पाच. कोरोलाची डिकी सुमारे १३ घनफुटांची, म्हणजे ३७० लिटर. दोन मोठ्या बॅगा आडव्या गेल्या की तिसरीला तोंड दाखवायची सोय नाही. कॅमरीची १५ घनफूट. दोन पायऱ्या चढून हातात पडले दोन घनफूट. इथे फुलसाइजचं अपग्रेड मिळालं म्हणून पेढे वाटायचं कारण नाही. चौथी बॅग तरीही कोणाच्या तरी मांडीवर येणार.

राव-फोरमध्ये मागच्या आसनांच्या पाठीमागे ३७ घनफुटांच्या आसपास जागा असते, पण हा आकडा छतापर्यंतचा आहे. काचेच्या वर रचून मागचं दिसेनासं करायचं नसेल तर हातात येते ती जागा बरीच कमी. आणि सात आसनी एसयूव्हीला भुलणाऱ्यांनी तिसरी रांग उघडल्यावर मागे उरतं काय ते आधी डोकावून पाहावं. मध्यम आकाराच्या कित्येक सात आसनी एसयूव्हींत तिथे केबिन बॅगा उभ्या राहतात, मोठी बॅग नाही. मिनीव्हॅनचं तसं नाही. पॅसिफिकात तिसऱ्या रांगेच्या मागे खोल खड्डा असतो. सातही माणसं बसलेली असताना तिथे ३२ घनफूट जागा उरते, म्हणजे कोरोलाच्या डिकीच्या जवळपास अडीचपट. दिसायला ती कोणाला फार भारी वाटत नाही, सरकत्या दारांची गाडी म्हणून तरुण मंडळी नाकं मुरडतात. पण वर सांगितलेल्या कुटुंबाला कोणी महागडी लक्झरी सेडान फुकट देऊ केली, तरी ती नाकारून ‘एम-व्ही-ए-आर’ मागण्यातच शहाणपण आहे. अपग्रेड नाकारता येतं, हे पुष्कळांच्या ध्यानीमनीही नसतं.

विजेवरच्या गाडीचंही असंच. हर्ट्झने २०२१ मध्ये टेस्लाच्या एक लाख गाड्या घ्यायचं जाहीर केलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये विजेवरच्या सुमारे २०,००० गाड्या विकून टाकत असल्याचं सांगितलं. टक्कर झाल्यावरचा दुरुस्तीचा खर्च त्यांना जड जात होता. मधल्या काळात साधी कार सांगितलेल्या अनेकांना ‘अपग्रेड’ म्हणून विजेवरची गाडी मिळाली. शहरात राहायचं असेल आणि मुक्कामी चार्जिंगची सोय असेल तर मजाच. पण विमानतळावरून थेट ग्रँड कॅन्यनकडे निघालेल्या माणसाला रात्री अकरा वाजता चार्जर शोधत बसणं परवडणारं नाही. पहिलं अक्षर वर गेलं असेल, चौथ्याने गोची केली. परत करताना बॅटरी किती भरलेली हवी याचा नियम कंपनीगणिक वेगळा असतो, तो गाडी घेतानाच विचारावा.

युरोपात गोची करण्याची ही जबाबदारी तिसऱ्या अक्षराकडे जाते. तिकडे गिअर हाताने टाकायच्या गाड्या अजून सर्रास भाड्याने मिळतात, त्याच स्वस्त असतात, आणि ऑटोमॅटिक मागावी लागते. भारतात गिअरची गाडी चालवलेल्याला वाटतं, त्यात काय! पण स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, रस्ता उलट्या बाजूचा. इटलीतल्या चढणीच्या अरुंद गल्लीत हे सगळं एकदम जमवणं सोपं नाही. ‘सी-डी-ए-आर’ बुक केली आणि काउंटरवर ‘आय-डी-एम-आर’ची किल्ली पुढे केली, तर दर्जा एक पायरी वर आणि गाडी तुमच्या उपयोगाची नाही. तिथे ‘मला ऑटोमॅटिकच हवी, खालच्या वर्गाची चालेल’ असं ठणकावून सांगावं. शिवाय तिकडच्या विम्यात अपघात झाल्यास सुरुवातीची जी रक्कम आपल्या खिशातून जाते, ती वरच्या वर्गाला सहसा जास्त असते. कार्डावर अडकवून ठेवली जाणारी अनामतही. म्हणजे फुकटच्या अपग्रेडमुळे जोखीम वाढलेली असू शकते. अमेरिकेतही क्रेडिट कार्डाबरोबर येणाऱ्या गाडीच्या विम्यातून अनेकदा पिकअप, मोठ्या व्हॅन आणि फार महागड्या गाड्या वगळलेल्या असतात. त्या विम्याच्या भरवशावर कंपनीचा विमा नाकारला असेल, तर ‘सेडान नाहीत, पिकअप घेऊन जा’ या दिलदारपणापुढे जरा थांबावं.

गाडी ताब्यात घेताना जो करार मिळतो, त्यात वर्गाच्या नोंदी शोधाव्या. काही कंपन्या सरळ तीन रकाने देतात: बुक केलेला वर्ग, दिलेला वर्ग आणि आकारलेला वर्ग. दिलेला वर्ग बुक केलेल्याच्या वर आणि आकारलेला वर्ग बुक केलेल्याइतकाच, तर ते अस्सल फुकट अपग्रेड. आकारलेलाही वर सरकला असेल तर तुम्ही ते विकत घेतलंय, तोंडाने कोणी काहीही म्हणालेलं असो. दिलेला खाली आणि आकारलेला जिथल्या तिथे, तर ते डाउनग्रेड आणि वर पैसेही पूर्ण. १९९१ मध्ये ‘साइनफेल्ड’ या अमेरिकन मालिकेच्या एका भागात मिडसाइज बुक करूनही कॉम्पॅक्टवर भागवावं लागल्याचा प्रसंग आला होता. तिकडच्या लोकांना तो अजून आठवतो, कारण तसा प्रसंग आजही येतो. अशा वेळी दुधाची तहान ताकावर भागवावी लागली तरी भाडं ताकाचंच लागलं पाहिजे. नवं भाडं करारावर छापून घेतल्याशिवाय आवाराबाहेर पडू नये. गाडी परत दिल्यावर, तेही घरी पोचून ईमेलवरून, हा फरक मागायला गेलं की प्रकरण आठवडेच्या आठवडे रेंगाळतं.